टोपलं शाबूत

पोरगं परगावी असलं की आईबाप फोनवर विचारतात, जेवलास का, झोप लागती का. आमचे सर विचारायचे, "आज कुठली हाय? इंजिन म्होरं हाय का मागं?" पलीकडून उत्तर आलं की मान हलवायचे. "मागं हाय न्हवं, मग बरं. म्होरं तुटायला मोकळी जागा राहती." एवढं झालं की फोन त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातात. जेवणाखाण्याचं त्या विचारायच्या.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. हुमनाबाद तालुक्यात, निर्ण्याच्या बाजूला, हायवेच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशीच मराठी माध्यमाची शाळा. सर तिथं विज्ञान शिकवायचे, मी मराठी. मी भालकीची, म्हणजे काही परमुलखातली नव्हे, पण घर सोडून राहायची ती माझी पहिलीच वेळ. ट्रंक घेऊन ऑटोतून उतरले, तर दारात उभा असलेला एक उंच, वाळकुडा माणूस माझ्याकडं न बघता सरळ ऑटोकडं गेला. त्यानं पत्र्यावर बोटानं टकटक केली, हुडाचं कापड ओढून बघितलं, आणि मग मला म्हणाला, "ह्याच्यात बसून आलाव? धाडसी हाव बाई." मला वाटलं, आपलं घर चुकलं.

टकटक करायची ही खोड जन्माची होती म्हणावं तर तसंही नाही. अक्का सांगायच्या, लेक हैदराबादला गेला तेव्हापासून लागली. एकुलता एक लेक. बिदरला डिप्लोमा केला आणि हैदराबादेत एका शेडमध्ये कामाला लागला. बड्या लोकांच्या, शर्यतीतल्यासारख्या पळणाऱ्या गाड्या तिथं सांभाळायला ठेवलेल्या असतात. बुटक्या, रुंद, जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या. त्या लोकांकडं गाड्या असतात आणि चालवायला सवड नसते. आठ-दहा जण मिळून पुण्याला नाहीतर गोव्याला निघाले, की एखादा मालक विमानानं पुढं जातो आणि त्याची गाडी मागनं नेऊन पोचवायची ती ह्या पोरानं. आणि तो रस्ता आमच्या फाट्यावरनं जातो.

बाप बिचारा त्या दिवसापासून अभ्यासाला बसला. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये मोबाइल काढायचा आणि असल्या गाड्या फुटतानाचे व्हिडिओ बघायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला किळस आली. कुठल्या तरी देशातली लालभडक गाडी वाऱ्यासारखी येते, कठड्यावर आदळते आणि तिचे तुकडे उडतात. हे घुटक्या-घुटक्यानं चहा पीत बघायचं? मी बोलले तसं. माझ्या जिभेला हाड नाहीच.

"बाई, मी फुटताना बघत न्हाई," सर म्हणाले. "फुटून झाल्यावर काय उरलं ते बघतो. या इकडं. चाकं गेली. इंजिन सुटून गेलं. म्होरचं नाक गेलं. आता मधी बघा. हे टोपलं."

मधे खरंच एक काळं, टोपल्यासारखं काहीतरी तसंच्या तसं राहिलं होतं, आणि त्यातनं एक माणूस हेल्मेट काढत बाहेर येत होता.

सर धनगराचे. त्यांचा आजा मेंढरं राखायचा आणि घरात खड्ड्याचा माग होता, त्यावर घोंगडी विणायचा. तो माग मोडून जमाना झाला, घरात एकच घोंगडं उरलेलं, ते सर थंडी असो नसो पांघरायचेच. त्यांनी मला ते टोपलं घोंगड्यावरनं समजावलं. "हे लोखंड न्हाई. हे कापड हाय बाई. काळा धागा, आडवा-उभा विणलेला. वरनं खळ पाजायची आन् भट्टीत वाळवायची. आमचा आज्जा चिंचोक्याची खळ करून कुंच्यानं सुताला लावायचा, तवा ते सूत काठीसारखं उभं राहायचं. रीत तीच. ह्यांची खळ तेवढी भारीची."

"मग ह्या गाड्या मेंढरांनीच काढल्या म्हणा की," मी म्हणाले.

"व्हय," सर म्हणाले. गमतीत नाही, खरंच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की टक्कर झाली की मार बसणारच. तो मार कुणी तरी खायचाच असतो. गाडीनं खाल्ला नाही तर माणूस खातो. म्हणून बाहेरचं सगळं तुटलं पाहिजे आणि आतलं टोपलं तुटता कामा नये. गावात एकाकडं जुनी जीप होती. ती पुलाच्या कठड्यावर धडकली तेव्हा तो चार माणसांत मिशीला पीळ देऊन सांगत होता, जीपला ओरखडा नाही, अस्सल लोखंड हाय. त्याच्या तीन बरगड्या मोडलेल्या. सर शांतपणे म्हणाले, "जीपला काहीच झालं न्हाई व्हय? मग मार कुणी खाल्ला?" तो माणूस पुढं कितीतरी दिवस सरांशी बोलला नाही.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. नववीच्या वर्गाला दाखवायला म्हणून त्यांनी जुन्या घोंगड्याचे तुकडे एकावर एक ठेवून, चिंचोक्याची खळ चोपडून, उन्हात वाळवून एक टोपलं केलं. घरभर आठ दिवस आंबूस वास. त्यात अक्कांच्या कोंबडीचं अंडं ठेवलं, वरनं झाकण शिवलं, आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीवरनं खाली सोडलं. टोपलं दगडासारखं शाबूत. उघडलं तर आत अंड्याचा चिखल. पोरं हसून हसून लोळली. हेडमास्तरही हसले. सर मात्र त्या चिखलाकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरावं लागलं. संध्याकाळी ओसरीवर मला म्हणाले, "टोपलं वाचून काय उपेग? आतलं हललं. आतलं बांधायचं राहिलं बाई." दुसऱ्या दिवशी अंडं चिंधीनं बांधून सोडलं. त्याला नुसती चीर गेली. तेव्हापासून पट्ट्याचं वेड लागलं. गावात लग्नाला नवरदेवाची फुलं लावलेली गाडी आली, तर सर टकटक करून खिडकीत वाकले आणि नवरदेवाला विचारलं, "मागच्या सीटला पट्टा हाय का?" वरबाप समजला, हा काहीतरी मागायला आलाय.

फोनवर लेकाला एकेक शंका. "दार वर उघडतंय म्हणायलास. गाडी उलटी पडली तर वर म्हंजे खालीच की रे. मग?" लेक म्हणायचा, "काच काढून यायचं अप्पा." दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूमच्या खिडकीतनं बाहेर निघून बघताना शिपायाला सापडले. अर्धे आत, अर्धे बाहेर.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. ती उसाच्या ट्रॉलीची. आमच्याकडं हंगाम सुरू झाला की ऊस लादलेल्या ट्रॉल्या हायवेवर मुंगीच्या पावलानं चालतात, मागं ना दिवा ना चमकपट्टी. "बाई, ट्रॉलीची मागची फळी आन् ह्या गाडीत बसलेल्या माणसाची मान, दोन्ही एका उंचीला. गाडी खाली घुसती. टोपलं राहतं बगलंला, म्होरचं नाक राहतं शाबूत, आन् फळी नेमकी..." मग ते अक्कांची जुनी लाल लुगडी फाडून पिशवीत भरायचे आणि शाळा सुटली की फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभ्या असलेल्या ट्रॉल्यांच्या मागं चिंध्या बांधायचे. एक ड्रायव्हर चहाची बशी हातात धरून म्हणाला, "क्या सर, मेरा ट्रॅक्टर शादी में जारा क्या?" सरांनी गाठ घट्ट केली आणि म्हणाले, "हौ. घोड्यावर बसलेला दिसला पायजे न्हवं लांबनं."

लेक दिवाळीला बसनं यायचा, दोन रात्री राहून जायचा. पण सरांची इच्छा एकच. ती गाडी एकदा दारात यावी. मिरवायला नव्हे. एकदा मीच विचारलं, सर, तुम्हाला तिचं एवढं कामून? तेव्हा म्हणाले, "पोरगं ज्याच्या भरवशावर हाय, त्येला एकदा हात लावून बघायचंय. नवीन जावयाला नसतंय का बघत माणूस, तसं."

लेक सांगायचा, मालक सोडत नाही अप्पा, रांगेत जावं लागतं. शिवाय गावच्या रस्त्याला पोट लागतंय. फाट्यापासून गावापर्यंत लोकांनी आपल्या मनानं ब्रेकर घातलेले, एकेक उंटाच्या पाठीसारखा. मला वाटायचं, पोरगं निमित्त सांगतंय. सरांनी मात्र त्यातलं 'पोट लागतंय' तेवढंच धरलं. मुरूम आणून प्रत्येक ब्रेकरच्या दोन्ही अंगांना पसरायला सुरुवात केली, चढ लांब आणि सावकाश व्हावा म्हणून. लोकांनी हटकलं, "सर, ब्रेकर मोडायलाव कामून?" "मोडत न्हाई, लांब करायलोय," असं म्हणून माणूस परत फावड्याला भिडायचा. पावसाळ्यात मुरूम वाहून जायचा. दसऱ्याला परत टाकायचे. गाडीचं पोट टेकू नये म्हणून तेवढ्याच उंचीचे ठोकळे लावलेली घरची फळी ब्रेकरवरनं सरकवून बघायचे.

आणि गाड्या जायच्या असल्या की फाट्यावर उभे राहायचे. एकदा मीही गेले बरोबर. स्कूटरवर मागं बसायचं तर हेल्मेट घालावंच लागे, माझ्या अंबाड्याची पार वाट. स्कूटर तीसच्या वर न्यायची नाही, सायकलवाले आम्हाला मागं टाकायचे. सरांच्या हातात अक्कांनी दिलेला डबा, शेंगाची पोळी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी. आम्ही ऊन खात उभे. मग लांबनं एक घुमणारा आवाज आला, आणि रंगीत काहीतरी एकामागं एक सुसाट निघून गेलं. मला गाड्यांचे रंगही धड दिसले नाहीत. एका गाडीनं हॉर्न दिला. संपलं. डबा हातातच राहिला.

"बघितलाव न्हवं बाई?" सर म्हणाले. त्यांचा चेहरा फुललेला. "पट्टा लावलेला व्हता."

एवढ्या झपाट्यात त्यांनी लेकाचं तोंड बघितलं नाही, पट्टा बघितला. मला तेव्हा भरून आलं, आणि राग पण आला, त्या पोराचा. डबा आम्ही टपरीवर बसून खाल्ला.

मग तो दिवस आला. गाड्या जाणार म्हणून सकाळपासून डबा भरून तयार होता. सर दुपारच्या सुट्टीत फाट्यावर जाणार होते. त्याआधीच शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. हायवेवर, आमच्या फाट्याच्या थोडं अलीकडं, नारंगी गाडीचा चुराडा. मागं कुणाचा तरी आवाज, "हैदराबादची गाडी हाय, सरांचं पोरगं चालवत होतं म्हणं, काही राहिलं न्हाई." लेकानं आदल्या रात्री सांगितलं होतं, नारंगी हाय. स्टाफरूममध्ये कुणी कुणाकडं बघेना. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पडायला लागली. सर आठवीवर शिकवत होते. हेडमास्तरांना काय सुचावं, त्यांनी घंटा दिली आणि पोरं मैदानात उभी केली, श्रद्धांजलीला.

सर हातात खडू घेऊन बाहेर आले. "आज कोण गेलं?"

पोरं सरांकडं बघायला लागली. शेवटी मी पुढं झाले आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्क्रीनवर तळव्याची सावली केली, व्हिडिओ बघितला, मागं नेला, परत बघितला, आणि एका जागी थांबवून दोन बोटांनी मोठा केला.

"टोपलं शाबूत हाय," सर म्हणाले. "दार आतनं उघडलंय. पोरं वर्गात बसवा हेडमास्तर." आणि मला म्हणाले, "बाई, डबा घ्या."

स्कूटर त्या दिवशीही तीसच्या वर गेली नाही. मी मागं बसून देवाचं नाव घेत होते आणि मनात त्यांना शिव्या देत होते. अपघाताच्या जागी ही गर्दी. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. डिव्हायडरजवळ एक चाक, दुसरं तुरीच्या रानात. इंजिन वेगळंच जाऊन पडलेलं. आणि सर त्या तुकड्यांमधनं चालत, एकेक बघत म्हणत होते, "हे गेलं, बरं झालं. हे गेलं, बरं झालं." लोकांना वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं. मधे ते काळं टोपलं पडलं होतं. सरांनी त्याला बोटानं टकटक केलं. मग अख्खा तळवा ठेवला, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

लेक लिंबाखाली बसला होता. मनगट मोडलेलं, तोंड पांढरं. उलट्या बाजूनं फटफटी आली, तिला वाचवायला वळवली, म्हणाला. "अप्पा, गाडी गेली."

"जाऊ दे. तिचं कामच ते."

सरांनी त्याला जवळ घेतलं नाही की काही नाही. शर्टाची गुंडी काढली आणि खांद्यापासून कमरेपर्यंत गेलेला काळानिळा वळ बघितला. त्या वळावरनं एक बोट फिरवलं. मग डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला.

हे सगळं हसतमुखानं केलं त्या माणसानं. लेकाला प्लास्टर घालून हुमनाबादच्या दवाखान्यात ठेवलं, अक्कांना त्याच्याजवळ बसवलं, आणि आम्ही परत निघालो. वाटेत पुढं उसाची ट्रॉली आली. सरांनी स्कूटर कडेला घेतली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. ते उतरले आणि मैलाच्या दगडावर बसून ढसाढसा रडायला लागले. "ही असती तर बाई. फटफटीच्या जागी ही असती तर टोपलं काय करणार व्हतं?" मी पण रडले. मग ते उठले, पळत जाऊन ट्रॉली गाठली आणि गळ्यातलं उपरणं तिच्या मागं बांधलं.

हात बरा झाल्यावर लेक परत त्याच कामाला गेला. अक्कांनी घर डोक्यावर घेतलं, बाप असून पोराला अडवत न्हाईत म्हणून. सर म्हणाले, "गाडी सोड म्हणलं तर फटफटी घेतंय. फटफटीला टोपलं कुठाय?"

सर गेले ते घरातच. उन्हाळ्यातली दुपार, जेवून खाटेवर आडवे झाले ते उठले नाहीत. उभ्या जन्मात स्कूटर कधी दामटली नाही त्या माणसानं. लेक आला, बसनं, अगदी वेळेवर. दहावं-तेरावं झालं आणि गेला. घर असं रिकामं झालं की मला माडीवर झोप येईना. कुठंही गाडीचं दार लागल्याचा आवाज आला की वाटायचं, आता टकटक होईल. अजून वाटतं. आता मी कलबुर्गीला असते, रस्त्यावर हजार दारं लागतात, आणि मी दर वेळी मान वळवते. अशी माणसं असतात तेव्हा आपल्याला वाटतं, काय ही कटकट. गेल्यावर कळतं, आपली काळजी करणारं एक माणूस जगातनं कमी झालं.

त्या पावसाळ्यात मुरूम वाहून गेला. दसरा आला. ब्रेकर परत उंटाच्या पाठीसारखे वर आलेले मला शाळेत जाता-येता दिसायचे, आणि बघवायचे नाहीत. एका रविवारी पदर खोचला, अक्कांकडनं टोपलं मागून घेतलं आणि मुरूम वाहायला लागले. लोक म्हणाले, "बाई, तुम्हालाबी लागलं व्हय ते याड?" मी म्हणाले, "लागलं. तुम्ही पण एक फावडं घ्या, याडानं कुणी मरत न्हाई." दोघा-तिघांनी घेतलं.

हिवाळ्यात एका सकाळी शाळेत पोरांचा एकच गलका झाला. बाहेर येऊन बघते तर फाट्याकडनं एक पांढरी, बुटकी गाडी माणसाच्या चालीनं येत होती. मालकानं सोडली होती एका दिवसासाठी. एकेका ब्रेकरवर ती तिरकी चढायची, थांबायची, हळूच उतरायची. मी खाली वाकून बघत होते. पोट कुठंही टेकलं नाही.

दारात गाडी थांबली. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गाडीला हात लावला. लेक म्हणाला, "अक्का, बस. हायवेवर एक चक्कर मारून आणतो." तो आईला अक्काच म्हणायचा, सगळ्यांसारखा. अक्का म्हणाल्या, "माझी कंबर मावंल व्हय त्यात? ज्येला हात लावून बघायचं होतं त्येला ने." घरात गेल्या, आणि सरांचं घोंगडं आणून त्याच्या हातात दिलं.

मी तिथं थांबले नाही. थांबले असते तर सगळ्यांसमोर रडले असते. सरांची स्कूटर काढली, हेल्मेट घातलं, आणि फाट्यावर जाऊन सर उभे राहायचे त्या जागी उभी राहिले. थोड्या वेळानं तो घुमणारा आवाज आला. गाडी आली तशी गेली, हॉर्न दिला, संपलं. लेकाचं तोंड मला दिसलं नाही. शेजारच्या सीटवर घोंगडं घडी करून उभं ठेवलं होतं. पट्टा दोघांनाही लावलेला होता.